उधन्याहून रोमपर्यंत

उधना जंक्शनावर खानदेशातून येणारा ताप्ती मार्ग मुंबईच्या मुख्य मार्गास मिळतो. गाडी बदलण्यातला शीण येथील लोकांस चांगला ठाऊक आहे. तरीही आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने युरोपच्या सफरीसाठी दहा दिवसांत सहा शहरे योजिली होती. वृद्ध मातोश्री म्हणाल्या, "एवढी धावपळ मला झेपायची नाही, तुम्हीच जा." तेव्हा आम्ही कागद घेऊन बसलो व तीनच शहरे ठेविली. मुंबईहून विमानाने पॅरिस. तेथून आगगाडीने मिलान, सुमारे सात तास. पुढे रोम, तीन तास. परतीचे विमान रोमहूनच, म्हणजे उलट फेरा नाही. रोमला मुक्काम सर्वांत अधिक, म्हणून शेंगेन व्हिसा इटलीकडे मागावयाचा. मातोश्रींनी आराखडा ऐकला आणि विचारले, "तिथे थंडी किती असते?"