मांजरीचं पाणी आणि कुंभारगावची नाव

आमच्या मांजरीला नदी आहे, पण नाव नाही. बुद्रुक आणि खुर्द अशा दोन मांजऱ्यांच्या मधून मुळा-मुठा वाहते, तीही उन्हाळ्यात जलपर्णीच्या गोधडीखाली. पुलावरून जाताना नाकाला पदर लावायचा, एवढाच आमचा तिच्याशी संबंध! शाळेत मी अर्धवेळ शिकवते. एकदा मुलांना विचारलं, "आपल्या नदीचं पाणी पुढं कुठं जातं?" सगळा वर्ग गप्प. मग ती भीमेला मिळते आणि ते पाणी उजनीच्या धरणात साठतं, हे फळ्यावर काढून दाखवलं. घरी आल्यावर मनात आलं, आपण तरी कुठं पाहिलंय ते?

म्हणून 2025 च्या फेब्रुवारीत एका रविवारी पहाटे पाचलाच निघालो. हे, दोन्ही मुलं, सासूबाई, वन्सं आणि भावोजी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी रात्रीच बांधून ठेवली होती. लोणी, उरुळी, यवत, पाटस करत भिगवण आलं, तिथून कुंभारगाव. हिवाळ्यात इथं रोहित पक्षी उतरतात, तेवढ्यासाठी लांबलांबची माणसं येतात. (मासे खाणाऱ्यांना भिगवणचं वेगळं आकर्षण, पण सासूबाई बरोबर असल्यानं तो विषय निघाला नाही.)

काठावर नावा ओळीनं उभ्या होत्या. मूळच्या मासेमारीच्या, मागं मोटर बसवलेली. जाकिटं होती, पण गोणीत, ओलसर आणि कुबट वासाची. वन्संनी नाक मुरडलं. भावोजी म्हणाले, "अहो वहिनी, ते पक्षी उभे असतात म्हणजे पाणी गुडघाभरच की!"

सासरच्या माणसांपुढं हट्ट धरायचा म्हणजे जिवावर येतं. पण दोनच महिन्यांपूर्वी, 18 डिसेंबर 2024 ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' नावेवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसं गेली, हे वाचलेलं डोक्यातून जात नव्हतं. त्यानंतर तिथं जाकीट सक्तीचं झालं. मी म्हटलं, "पक्षी गुडघाभर पाण्यात असतील, पण तिथवर जायचं ते खोल पाण्यावरूनच ना? जाकीट नसेल तर मी आणि मुलं काठावर बसतो." हे नुसतेच माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढं केला, "आण गं इकडं, मला आधी घाल."

मुलांना जाकीट घालताना एक करा. बंद आवळून झाले की दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघा. जाकीट कानांपर्यंत सरकलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघूनच जाईल. धाकट्याचं तसंच झालं. नाववाल्या मामांनी दुसरं लहान शोधून दिलं. त्यांनी आम्हाला वजन बघून बसवलं, दोन्ही बाजूंना सारखं, फळीवर खाली. इंजिनाची एक लाल दोरी त्यांनी मनगटाला अडकवली. मुलानं विचारलं तेव्हा म्हणाले, "मी पडलो तर ही निघंल आन् मशीन बंद पडंल. न्हाईतर नाव माझ्याच अंगावर फिरंल."

पक्ष्यांच्या बऱ्याच अलीकडे त्यांनी मोटर बंद केली आणि बांबूनं नाव ढकलत नेली. पाण्याखाली जुन्या गावांच्या भिंती आहेत, खोडं आहेत, वर जाळी टाकलेली. मोटरीचा पंखा त्यात अडकतो. पुढं गुलाबी पांढरी रांग, माना पाण्यात, आणि कसली शांतता! सासूबाईंनी चक्क हात जोडले.

इतक्यात दुसरी एक नाव भरधाव आली. तरुण पोरांनी खच्चून भरलेली, दोघंतिघं उभे राहून फोटो काढत होते. पक्ष्यांना उडवण्यासाठी नाववाल्यानं गरकन वळण घेतलं. सगळी रांग उडाली खरी, पण त्या वळणाची लाट थेट आमच्यावर आली. नेमके त्याच वेळी भावोजी कॅमेरा घेऊन उभे! "खाली बसा!" मामा ओरडले आणि बांबू रेटून त्यांनी नावेचं तोंड लाटेकडं फिरवलं. आडवी बाजू मिळाली असती तर पाणी आतच आलं असतं. तरी आम्ही भिजलोच. भावोजी फळीवर आपटले, गुडघा सोलला. वन्संनी माझा दंड धरला तो काठ येईपर्यंत सोडला नाही.

परतताना मामा आपणहून बोलले. 21 मे 2024 ला संध्याकाळी याच धरणात कुगावहून कळाशीला येणारी नाव वादळी वाऱ्यानं उलटली. एकजण पोहून काठाला लागला, सहाजण बुडाले. त्यात दोन लहान मुलं होती. "ताई, वारं सुटलं की मी कुनाचं ऐकत न्हाई. दुप्पट पैसं दिलं तरी नाव काढत न्हाई."

काठावर सतरंजी घालून दशम्या सोडल्या. त्या दुसऱ्या नाववाल्याला दोन शब्द सुनवावेत म्हणून हे गेले, पण तोवर तो नवी माणसं भरून निघालाही होता. थोरला पाण्याकडं बघत म्हणाला, "आई, हे आपल्या पुलाखालचंच पाणी ना?" भावोजी गुडघ्याला हळद लावून गप्प बसलेले. आणि सासूबाईंचं निम्मं खाणं झालं, तरी जाकीट त्यांच्या अंगावरच होतं.