बिजलीचं रिंगण

डॉग शो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? शॅम्पू केलेले गुबगुबीत ल्हासा आणि त्यांचे एसी गाडीतून उतरणारे मालक. बरोबर ना? मलाही तसंच वाटायचं. तिथे लोणंदची आमची बिजली? छे!

बिजली म्हणजे कारवानी. लांबट निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. अस्सल दख्खनची जात. केनेल क्लब ऑफ इंडिया तिला कारवान हाउंड म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. २००५ मध्ये मुधोळ हाउंड टपाल तिकिटावरही झळकला. आबांना मात्र ती शेताच्या राखणीपुरती माहीत. ‘‘कुत्र्याला नाचवायला पुण्याला न्यायाचं?’’ त्यांनी विचारलं.

नाचवायचं नव्हतं हो, उभं करायचं होतं! आणि तेच महाकठीण. रिंगमध्ये कुत्र्याचे चारही पाय नीट टेकवून त्याला स्थिर उभं करायचं, याला म्हणतात स्टॅकिंग. मग जज दात बघणार, अंगावरून हात फिरवणार. नंतर कुत्र्याला डावीकडे ठेवून दुडक्या चालीनं पळवायचं, आपण मध्ये न येता. पण कारवानीला परका हात मुळीच खपत नाही. बिजली तर अंग चोरून मागेच सरकायची.

मग काय, दर वीकएण्डला लोणंद! चहावाले मामा, कांदा मार्केटमधले हमाल, शेजारच्या काकू... दिसेल त्याला विनवायचं, ‘जरा हिचे दात बघता का?’ पालखीतळावर आम्ही गोल गोल पळायचो. ‘‘चांदोबाच्या लिंबाचं रिंगण कमी पडलं का गं?’’ एका आजोबांनी टोमणा मारलाच.

शोच्या दिवशी दंडावर नंबर लागला आणि माझेच पाय लटपटायला लागले. जज जवळ आले. मी पट्टा गच्च आवळला... बिजली झटकन मागे! माझं टेन्शन पट्ट्यातून थेट तिच्या मानेपर्यंत पोहोचलं होतं. तेव्हा लख्ख कळलं, ‘गावाकडचं कुत्रं, लोक हसतील’ ही लाज माझी होती. बिजलीचा तिच्याशी काय संबंध? श्वास सोडला, पट्टा सैल केला. जजनी पुन्हा हात पुढे केला. तिचे कान मागे गेले, पण पाय हलले नाहीत.

नंबर? चौघांत चौथा!

रात्री लोणंदला पोहोचलो, तर आबा अंगणात जागेच.

‘‘आली का पयली?’’

‘‘नाही आबा. पण उभी राहिली.’’

‘‘परक्याला हात लावू दिला?’’

‘‘हो.’’

आबांनी बिजलीच्या पाठीवर हात फिरवला. ‘‘मग झालं की! फुडच्या टायमाला मी बी येतो.’’