भावातला फरक कुणाच्या पदरात?

बरीच वर्षं मी एनएच्या, म्हणजे बिगरशेती परवानगीच्या, कायद्याची बाजू घेऊन भांडत आलो. शिरपूरच्या बाजारात कुणी म्हणालं, "वावर मन्हं शे, मंग परवानगी कोनी लेवानी?" की मी तावातावाने सांगायचो, तापीकाठची काळी जमीन एकदा सिमेंटखाली गेली की परत मिळत नाही. 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 42 परवानगीशिवाय शेतजमीन बिगरशेतीकडे वळवू देत नसे, हे मला योग्यच वाटे. त्यात आमच्या तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले, आटलेल्या विहिरींना पाणी आलं. एवढ्या कष्टाने ओलिताखाली आलेल्या मातीवर प्लॉट पाडू द्यायचे?

शेतकरी संघटनेतले मित्र शरद जोशींचा दाखला द्यायचे. शेतकऱ्याला गरीब ठेवतात ते सरकारी निर्बंधच, असं त्यांचं म्हणणं. मला ते एकांगी वाटायचं.

मत फिरलं ते मुंबई-आग्रा महामार्गालगतची वावरं विकली जाताना पाहून. पोरीचं लग्न किंवा सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेल्या खातेदाराकडे दलाल बयाणा घेऊन येतो. भाव शेतीचा, एकरावर. कूळकायद्याचं कलम 63 शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेऊ देत नाही, पण दलालामागचा पैसेवाला कुठेतरी खातेदार असतोच. सातबारा त्याच्या नावावर चढला की मोजणी होते, नगररचनेचा अभिप्राय येतो, रूपांतरण कर भरला जातो आणि तेच वावर चौरस फुटाच्या भावाने विकलं जातं. मूळ मालक हे स्वतः का करत नाही? कारण कागद पुरे होईपर्यंत थांबायला त्याच्यापाशी पैसा नसतो. परवानगी जितकी अवघड, तितका दोन भावांतला फरक मोठा, आणि तो फरक थांबू शकणाऱ्याच्या खिशात जातो. माती तर वाचतच नाही.

शिवाय हा कायदा सगळ्यांना सारखा कडक कुठे आहे? खऱ्या औद्योगिक वापरासाठी 1994 मध्ये कलम 44अ ने ठरावीक अटींवर पूर्वपरवानगीची अट काढली. 2017 च्या दुरुस्तीने गावठाणाच्या हद्दीलगत 200 मीटरपर्यंतची जमीन, आराखड्याच्या तरतुदींना धरून, कर भरला की बिगरशेती मानायची सोय केली. ही सोय मूळ मालकाच्या आधी दलालाला कळते, याचा मला फार राग येतो.

काळी जमीन राखावी, हे मी आजही म्हणतो. पण कोणते गट राखायचे हे नकाशावर उघड ठरवा आणि ते राखण्याची भरपाई मालकाला द्या. गावाचं, जिल्ह्याचं अन्न राखायचं ओझं एकट्या खातेदाराच्या गळ्यात का? नुसत्या परवानगीच्या फेऱ्यांनी त्याची कोंडी होते, एवढंच मला आता दिसतं.

म्हणून सौद्याआधी कुणी सल्ला विचारायला आलं तर मी सांगतो, विकायचंच असेल तर घाई करू नकोस. आधी स्वतःच्या नावावर एनए कर, मग भाव बोल. विहीर भरलेलं, केळीचं वावर असेल तर हे सांगताना जीव तुटतो. तरी सांगतो.