श्याम बदलतो, पण केव्हा?

पात्राचे मूल्यपरिवर्तन पटते की नाही, हा प्रश्न वर्गात निघाला की मी हटकून ‘श्यामची आई’कडे वळतो. साने गुरुजींचे पालगड आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आजचे विद्यार्थी मात्र बिनदिक्कत विचारतात : आईने सांगावे, मुलाने ऐकावे आणि लगेच सुधारावे, हे इतके सोपे असते का?

शंका रास्त आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या मूळ पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना आपले बालपण सांगतो. मधली वर्षे त्या निवेदनात मुरलेली असतात. पडद्यावर मूल आपल्यासमोर घडताना दिसते. मुरायला अवकाश नसतो. वनमालाबाईंचा संयत अभिनय आणि माधव वझे यांचा निरागस चेहरा मान्य करूनही, जिथे उपदेशापाठोपाठ पश्चात्ताप येतो तिथे मला परिवर्तन दिसत नाही, आज्ञाधारकपणा दिसतो.

पोहण्याच्या प्रसंगाचे तसे नाही. भीतीने लपून बसलेल्या मुलाला आई शिमटीने मारते. तो पाण्यात उतरतो तो धैर्याची महती उमजून नव्हे, माराच्या धाकाने. धीर त्यानंतर येतो. हा क्रम पटतो, कारण माणूस पुष्कळदा आधी वागतो आणि मग मानू लागतो.

पुस्तकातला मोळीचा प्रसंग याहून सूक्ष्म आहे. थकलेल्या अस्पृश्य म्हातारीला मोळी उचलून दे, असे आई सांगते. आणि नंतर अंघोळ कर, असेही. विद्यार्थी इथे हसतात. मला ती अंघोळच महत्त्वाची वाटते. करुणा पुढे गेली आहे, रूढी अजून सुटलेली नाही. बदल खरा असल्याची खूण त्या अपुरेपणात आहे. पुढे १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजी उपोषणाला बसले. मोळीपासून तिथवर पोहोचायला एवढी वर्षे जावी लागली.

म्हणून ‘या प्रसंगातून कोणता बोध मिळतो?’ हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत घालताना अलीकडे माझा हात अडखळतो. अचूक उत्तराला मी पूर्ण गुण देतो. ते लिहिणारे मूल बदलले आहे का, हे त्या उत्तरावरून मला सांगता येत नाही.