विंचू उतरवणारी गोळी

बुलढाणा तालुक्यातील धाड हे जालना जिल्ह्याच्या सीमेलगतचे गाव. हद्द ओलांडली की भोकरदन तालुका लागतो. त्याच तालुक्यातील देहेड या खेड्यात १९५१ साली हिम्मतराव साळुबा बावस्कर जन्मले. या पट्ट्यात सरपण किंवा दगड हलवताना विंचू निघणे नवलाचे नाही. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे धाव घेणेही पूर्वी तितकेच स्वाभाविक होते. बहुतेक दंश सौम्य असतात, वेदना काही तासांत आपोआप ओसरतात आणि श्रेय मंत्राला मिळते. मंत्रावरच्या श्रद्धेचा इतिहास या साध्या हिशेबावर उभा आहे.

लाल विंचवापुढे मात्र हा हिशेब चालत नसे.

नागपूरला एमबीबीएस झालेले बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा या दंशाच्या गंभीर रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत. ते रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करू लागले : ओकाऱ्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, शेवटी फुप्फुसांत साचणारे पाणी. दंशाच्या जागी वेदना कमी म्हणजे धोका टळला, असेही नव्हते. धोक्याची ही पूर्वचिन्हे १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. एका खेड्यातल्या आरोग्य केंद्राची वही लंडनच्या नियतकालिकापर्यंत पोहोचली, हे आजही थक्क करणारे आहे.

विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकते. मग त्या सैल करणारे औषध का देऊ नये? सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून देऊन अत्यवस्थ रुग्ण वाचले. पण त्यासाठी सतत रक्तदाब मोजत बसावे लागे. खेड्यात ते कोणी करावे? उत्तर उच्च रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीत सापडले. ती स्वस्त होती आणि तोंडाने घेता येत होती. १९८६ साली त्यांनी व पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्येच मांडले. ४० टक्क्यांचे मृत्यूचे प्रमाण पुढे एक-दोन टक्क्यांपर्यंत उतरले.

महाडमधील चाचणीत विंचूप्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो असे दिसले. ती २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. पद्मश्री २०२२ साली मिळाली.

गोळीचे काम मात्र घड्याळाशी बांधलेले आहे. फुप्फुसांत पाणी साचण्याआधी ती पोटात गेली, तर बहुधा पुढचा अनर्थ टळतो. म्हणून महाड असो वा धाड, दवाखान्याच्या दारात नातेवाइकांना आधी एकच विचारावे लागते : विंचू किती वाजता चावला, आणि इथे येण्यापूर्वी कुठे कुठे थांबलात?