2019चा रुमाल

2 जानेवारी 2025, गुरुवार

सकाळी सव्वानऊला भोसरीच्या कारखान्यातून विक्रीप्रमुखांचा फोन. "अहो, 2019-20च्या विक्रीचा पाऊण हिस्सा गेला कुठे? परवा संध्याकाळपर्यंत आकडा बरोबर होता." हे वर्ष त्यांना सतत लागतं. लॉकडाऊन 25 मार्च 2020ला सुरू झाला, त्यामुळे करोनाच्या आधीचं शेवटचं धड वर्ष तेच. पंपांच्या सुट्या भागांचा कुठलाही आलेख ते त्या वर्षाशी ताडून बघतात.

पॉवर बीआयमधला रिपोर्ट उघडला. एररचं नाव नाही, रात्रीचा रिफ्रेश सुखरूप झालेला. एप्रिल ते डिसेंबर 2019 मात्र कोरं, आणि जानेवारी ते मार्च 2020 जसंच्या तसं. मॅनेजमेंट स्टुडिओतून रिपोर्टमागच्या मॉडेलला जोडून पार्टिशनांची, म्हणजे तारखेनुसार पाडलेल्या तुकड्यांची, यादी पाहिली. 2020 आहे, 2021 आहे. 2019 नाही.

चोर घरातच होता. इन्क्रिमेंटल रिफ्रेशची पॉलिसी मीच लावलेली: पाच वर्षं साठवा, शेवटचे दहा दिवस ताजे करा. पाच वर्षं म्हणजे सरलेली पाच कॅलेंडर वर्षं आणि वर चालू वर्ष. 31 डिसेंबरपर्यंत 2019 ते 2023 आणि 2024 असा हिशेब होता. काल पहाटे तो 2020 ते 2024 आणि 2025 असा सरकला. पुढे नवं पान लागलं, मागचं गळालं. सांगितलं तेच पॉवर बीआयनं केलं. त्याचं वर्ष जानेवारीत उलटतं आणि आपल्या वहीचं एप्रिलमध्ये, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

3 जानेवारी, शुक्रवार

उपाय सोपा वाटला. डेस्कटॉपवर फाइल उघडायची, पाचाचे आठ करायचे, पब्लिश करायचं. "या नावाचं मॉडेल आधीच आहे, बदलायचं का?" असं विचारणारी खिडकी समोर होती आणि बोट माउसवर. शेजारी बसलेली सोलापूरची नवी मुलगी म्हणाली, "सर, पण सोर्समध्ये 2020 आहे का?"

बोट उचललं. कारखान्याच्या आयटीवाल्यांना फोन लावला. "दिवाळीच्या सुट्टीत साफसफाई केली ना. 1 एप्रिल 2022च्या आधीची बिलं लाइव्ह सर्व्हरवरून काढली. सर्व्हर फार जड झाला होता. बॅकअप घेतलाय, काळजी नको."

दोन महिने हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण आमचा रिफ्रेश रोज दहाच दिवसांचं विचारतो. जुन्या पार्टिशनांना तो हातच लावत नाही. वेळ वाचतो तो त्यामुळेच. आज मात्र त्याचा दुसरा अर्थ कळला: जानेवारी 2020 ते मार्च 2022 हा माल चालू स्थितीत फक्त आमच्या मॉडेलमध्ये उरलाय. पब्लिश केलं असतं तर सगळी पार्टिशनं पुसून मॉडेल सोर्समधून पहिल्यापासून भरलं गेलं असतं, आणि सोर्सकडे द्यायला 2022च्या एप्रिलपासूनचंच आहे. एक वर्ष परत आणायला गेलो असतो आणि आणखी सव्वादोन वर्षं घालवून बसलो असतो. बरं, इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावलेलं मॉडेल सर्व्हिसवरून फाइल म्हणून उतरवूनही घेता येत नाही, म्हणजे मागे फिरायची वाट नाही.

मुलीला चहा पाजला. तिला वाटलं, मी रागावलोय.

5 जानेवारी, रविवार

सुट्टी असून डोकं तिथेच. कॉलेजात इतिहासाचे सर पेशवे दफ्तराबद्दल सांगायचे. मोडी कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले, एकेक गठ्ठा म्हणजे एकेक रुमाल. रियासतकार सरदेसायांनी त्यांतून निवडक कागद काढून 1930च्या दशकाच्या सुरुवातीला 45 खंड संपादले. मोठं काम. पण खंड निघाले म्हणून कुणी रुमाल फेकून दिले नाहीत. निवड आवडली नाही, वाचन चुकलं, नवा प्रश्न पडला, तर पुन्हा रुमाल सोडता येतो.

आमचा रिपोर्ट म्हणजे निवडक खंड. आम्ही त्यालाच दफ्तर समजून बसलो आणि रुमालांकडे कुणी पाहिलंच नाही.

7 जानेवारी, मंगळवार

पॉलिसीला हात लावायच्या आधी, आहे ते बाहेर काढलं. प्रीमियम पर युजरचं लायसन्स असल्यानं मॉडेलला बाहेरून जोडता येतं. डॅक्स स्टुडिओ उघडून जानेवारी 2020 ते मार्च 2022 महिन्यामहिन्यानं उतरवलं. सगळं एकदम मागितलं असतं तर मशीन रडलं असतं. शेड्यूल्ड रिफ्रेश तेवढ्यापुरता बंद ठेवला.

दुपारी कारखान्यात गेलो. बॅकअपची हार्ड डिस्क अकाउंट्सच्या कपाटात, जुन्या फायलींखाली. बॅकअप घेतलाय असं सगळेच सांगतात. तो उघडतो का, हे सांगणारा क्वचित भेटतो. हा उघडला. रिकाम्या सर्व्हरवर रिस्टोअर केला. एप्रिल 2019ची बिलं दिसली तेव्हा अकाउंट्सचे काका म्हणाले, "कंपनी कायद्यात हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवायची असतात. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने. आमचं सगळं जागेवर असतं. तुमचं ते रंगीत प्रकरण कायद्यात बसत नाही, पण प्रश्न त्यावरूनच विचारतात!"

9 जानेवारी, गुरुवार

मॉडेलमधला 2021 आणि बॅकअपमधला 2021 जुळेना. फरक थोडा, पण फरक. मूठभर बिलं मॉडेलमध्ये चालू दिसतात, बॅकअपमध्ये रद्द.

संध्याकाळी कोडं सुटलं. ही बिलं महिन्या-दोन महिन्यांनी रद्द झालेली. तोवर त्यांची तारीख दहा दिवसांच्या खिडकीबाहेर गेली होती, म्हणून दुरुस्ती मॉडेलपर्यंत पोचलीच नाही. ज्या इतिहासासाठी आठवडाभर जिवाचा आटापिटा करतोय, तो जपलेला खरा, पण बिनचूक नव्हता. मी गोठवला त्या दिवशी जसा दिसला तसाच राहिला. काकांच्या ताळेबंदाशी बॅकअप जुळतो, मॉडेल जुळत नाही.

विक्रीप्रमुखांना सांगायला धीर लागला. ते हसले. "म्हणजे तीन वर्षं आम्ही थोडी जास्तच विक्री मिरवत होतो."

10 जानेवारी, शुक्रवार

नवी मांडणी ठरली. सोलापूरच्या मुलीसाठी लिहून ठेवतो.

एक. 1 एप्रिल 2022च्या आधीची सगळी बिलं बॅकअपमधून स्वतंत्र तक्त्यात, रिपोर्टिंगच्या डेटाबेसमध्ये. लाइव्ह सर्व्हरची साफसफाई होवो न होवो, दर रात्री नव्या आणि बदललेल्या ओळी इथल्याच दुसऱ्या, चालू तक्त्यात उतरणार.

दोन. त्यावर एक व्ह्यू: जुना तक्ता आणि चालू तक्ता एकाखाली एक. जुन्यात 1 एप्रिलच्या आधीचं, चालूत 1 एप्रिल धरून पुढचं. शिवेवरची ओळ एकाच बाजूला. रेंजस्टार्ट आणि रेंजएंड या पॉलिसीच्या तारखांच्या फिल्टरलाही हाच नियम: एका टोकाला बरोबरीचं चिन्ह, दुसऱ्याला नाही. दोन्हीकडे लावलं तर नेमक्या सीमेवरची ओळ दोन पार्टिशनांत शिरते आणि विक्री फुगते.

तीन. तारखेचा फिल्टर सोर्सपर्यंत पोचतो का, हे नेटिव्ह क्वेरी बघून तपासायचं. हे पोचणं म्हणजे फोल्डिंग; ते तुटलं तर प्रत्येक पार्टिशनसाठी अख्खा तक्ता ओढला जातो आणि इन्क्रिमेंटल नावापुरतं उरतं.

चार. दहा दिवसांऐवजी बारा महिने ताजे, पण 'बदल ओळखा' चालू करून. शेवटच्या बदलाची तारीख जिथे पुढे सरकली असेल तेवढेच महिने पुन्हा भरले जातील. उशिरा रद्द झालेली बिलं आता सुटणार नाहीत. बारा महिन्यांपलीकडे दुरुस्ती झाली तर ते पार्टिशन हातानं रिफ्रेश करायचं.

पाच. साठवण नऊ वर्षं. आठ आर्थिक वर्षं पूर्ण दिसायची तर कॅलेंडरची नऊ लागतात.

सहा. नुसता मेझर बदलायचा असेल तर पब्लिश करायचं नाही. एएलएम टूलकिटनं तेवढाच बदल चढवायचा, पार्टिशनं शाबूत राहतात. नवा स्तंभ आणला तर मात्र जुनी पार्टिशनं पुन्हा भरावीच लागतात, आणि त्यासाठी खाली जुना माल असावाच लागतो.

रात्री पब्लिश केलं. तीच खिडकी, तोच प्रश्न. या वेळी बटण मुलीला दाबायला सांगितलं.

11 जानेवारी, शनिवार

पहिला रिफ्रेश पूर्ण लोड असतो, त्याला वेळ लागतोच. सकाळी उठून आधी फोन बघितला. झाला होता. वर्षवार ओळी मोजल्या, बेरजा काकांच्या ताळेबंदाशी ताडल्या. 2019-20 जागेवर, चारही तिमाह्यांसकट.

14 जानेवारी, मंगळवार, संक्रांत

कारखान्यात तिळगूळ. विक्रीप्रमुखांनी विचारलं, "आता परत उडणार नाही ना?"

उडेल. 1 जानेवारी 2029च्या रिफ्रेशला 2019चं पार्टिशन मॉडेलमधून गळेल, ती तारीख मुलीनं आत्ताच कॅलेंडरवर टाकून ठेवलीय. खालच्या तक्त्यातून ते जाणार नाही.