हिशेबाची वही

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात लाल कापडी बांधणीची एक वही आहे. इंदूरच्या बाजारात दिवाळीपूर्वी खतावणीसाठी ज्या वह्या मांडलेल्या असतात, त्यांतलीच. पहिल्या पानावर 'श्री' असून त्याखाली माझ्याच अक्षरात आमच्या नानांच्या अखेरच्या आजारातील खर्च मांडलेला आहे. औषधे, डॉक्टरांच्या फेऱ्या, रात्री बसणाऱ्या बाईंचा पगार, शहाळी. चौदा महिन्यांचा तो हिशेब. परंतु पुढे पुढे त्या वहीत रुपयांचे आकडे विरळ होत जातात व निराळ्याच नोंदी सुरू होतात. 'धाकटा आला नाही.' 'फोनवर म्हणाला, या आठवड्यात निघतो. निघाला नाही.' 'नानांनी दोनदा नाव घेतले.' धाकटा म्हणजे माझा पाठचा भाऊ. तो बडोद्यास असतो.

नाना 2008 साली गेले. तेराव्यानंतर आठच दिवसांनी भावाने एक कागद पुढे ठेवला. नानांची थरथरती सही असलेला. रामबागेतले आमचे जुने घर त्या कागदाने त्याचे झाले आणि वर्षभरात विकले गेले. मला त्याने विचारले नाही, की वाटा देऊ केला नाही. मी न्यायालयात गेले नाही. लोक त्याला माझा मोठेपणा म्हणत आणि मी ते म्हणू देत असे. खरे कारण इतकेच की, चार लोकांत घराण्याची शोभा होईल ही भीती होती. तोंडाने गप्प राहिले आणि वही लिहीत राहिले. त्या वर्षापासून भाऊबीज बंद झाली. यजमान एकदा म्हणाले, "आता ती वही पुरे कर." मी त्यांच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

असे असूनही मी धार्मिक म्हणविणारी बाई आहे. देवळातले कीर्तन सहसा चुकवीत नाही. फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांचे आख्यान असते. गोदावरीचे स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर एक मनुष्य थुंकतो, नाथ परत स्नानास जातात, तो परत थुंकतो, असे एकशे आठ वेळा घडते आणि अखेर थुंकणाराच पायांवर लोळण घेतो. बुवा हे आख्यान रंगवून सांगत तेव्हा माझ्या डोळ्यांना धारा लागत. आणि एका वर्षी, हे लिहिताना लाज वाटते, त्याच रात्री घरी येऊन मी वहीत आणखी एक ओळ लिहिली. आपण संतांना संत करून उंचावर बसवितो यात आपली एक सोयही असते. जे नाथांना साधले ते आपल्याला कुठून साधणार, असे म्हणून सुखाने आपले वैर सांभाळता येते.

माझ्या या सोयीला धक्का लागला तो अगदी अनपेक्षित दिशेने. आमच्या घराण्याचा ख्रिस्ती धर्माशी परिचय म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पुरता. तेव्हा एका ख्रिस्ती संन्यासिनीची कथा या मासिकाच्या वाचकांपुढे मांडताना थोडा संकोच होतो. पण ही कथा दूरदेशीची नाही. आमच्या इंदूरची आहे, आणि तिच्या मध्यभागी आपलीच राखी आहे.

मी ज्या शाळेत शिकवीत असे तेथे एक मलयाळी शिक्षिका माझ्याबरोबर होत्या. 4 नोव्हेंबर 2017 रोजी त्यांनी मला आग्रहाने सेंट पॉल शाळेच्या मैदानावर नेले. त्या दिवशी राणी मारिया नावाच्या सिस्टरना त्यांच्या धर्मसंस्थेने 'धन्य' म्हणून घोषित केले. संतपदाच्या आधीची ही पायरी. हजारो माणसे होती. भाषणे लांबली, ऊन तापले, आणि खरे सांगायचे तर माझे बरेचसे लक्ष पिण्याचे पाणी कोठे मिळेल याकडे होते. कथा मला कळली ती परतीच्या वाटेवर, रिक्षात.

केरळातील पुल्लुवळी या गावी 1954 साली जन्मलेल्या या बाई फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघातील संन्यासिनी. बिजनौर, सतना अशा ठिकाणी सेवा करून त्या 1992 साली देवास जिल्ह्यातील उदयनगरला आल्या. तेथील आदिवासी शेतमजूर पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या वहीत अडकलेले. बाईंनी त्यांना बचतीस लाविले, सरकारी योजनांचे पैसे कसे मिळवायचे ते शिकविले, आपले म्हणणे अधिकाऱ्यांपुढे मांडण्याचे धैर्य दिले. ज्यांची मिळकत त्यामुळे बुडू लागली त्यांना ते सोसले नाही. 25 फेब्रुवारी 1995 रोजी सकाळी त्या इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये बसल्या. वाटेतील डोंगराळ भागात समुंदरसिंग नावाच्या तरुणाने त्यांच्यावर सुऱ्याने वार केले. अंगावर चोपन्न जखमा. येशूचे नाव घेत त्या गेल्या. बसमध्ये उतारू होते. कोणी पुढे झाले नाही.

समुंदरसिंगाला जन्मठेप झाली. आपल्याला गावातील सावकारी वर्गाने चिथावले, असे पुढे त्यानेच सांगितले. इंदूरच्या तुरुंगात तो एकटा पडला आणि ज्यांनी चिथावले त्यांचा सूड घ्यायचा, एवढाच विचार त्याच्या मनात राहिला. त्याच्या भेटीस जाऊ लागले ते स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांनी त्याला पुष्कळदा भेटून बोलते केले. आणि मग 2002 साली, राखीपौर्णिमेच्या सुमारास, राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्याच संघातील संन्यासिनी, तुरुंगात गेली आणि आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर तिने राखी बांधली.

रिक्षात हे ऐकताना मी प्रथम चिडले, हे मला स्पष्ट आठवते. राखी ही काय वाटेल त्याला बांधायची वस्तू आहे? आम्हां महाराष्ट्रीयांची बहीण-भावांची खरी तिथी भाऊबीज, परंतु होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आमच्या घराण्यांनी राखीही केव्हाच आपलीशी केली आहे. त्या धाग्याला एक अर्थ आहे. बहिणीने बांधायचा आणि भावाने तिचे रक्षण करायचे. ज्याने बहीण मारली त्याच्याच हाताला तो? माझ्या सोबतिणीने उत्तर दिले नाही. ती फक्त म्हणाली, "दीदी, पुढच्या वर्षी तिची आईही गेली होती. तिने त्याचे हात हातांत घेऊन त्यांचे चुंबन घेतले." त्या हातांना माझ्या मुलीचे रक्त लागलेले आहे, म्हणून, अशा आशयाचे काही त्या माऊलीने म्हटल्याचे मी नंतर वाचले. यावर मी अजून नीट विचार करू शकलेले नाही. तेथे माझी बुद्धी थांबते.

पुढे कुटुंबानेच त्याच्या सुटकेस अनुमती दिली. 2006 साली तो सुटला. 2007 मध्ये तो केरळात त्यांच्या घरी गेला. आईबापांनी त्याला घरात घेतले.

त्या रात्री मला झोप आली नाही, हे सांगण्यात विशेष नाही. वयाने तशीही येत नाही. पण एक गोष्ट मनात घोळत राहिली. सेल्मी पॉल यांनी कोठेही असे म्हटले नाही की जे झाले तो खून नव्हताच, किंवा त्याची सजा चुकीची होती. न्यायालयाने आपले काम केले. अकरा वर्षे तो गजांआड होता. क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणे, अशी माझी समजूत होती, आणि म्हणूनच क्षमेची गोष्ट निघाली की मी ताठ होत असे. मी क्षमा केली तर घराचा तो व्यवहार बरोबर ठरेल, असे मला भय होते. इथे तर अपराध अपराधाच्या जागी राहिला होता आणि तरी मनगटावर धागा होता.

सोबतिणीकडून मी त्यांच्या नित्य प्रार्थनेबद्दल विचारून घेतले. येशूने शिष्यांना शिकविलेली म्हणून ती सर्वांच्या तोंडी असते. आबालवृद्ध, साधू-संसारी सर्व ती रोज म्हणतात. तीत क्षमा मागताना लगेच एक अट येते की आम्हीही इतरांना सोडले आहे. मराठी बायबलात या ठिकाणी जो शब्द आहे तो पाहून मी चकित झाले. अपराध नव्हे, पाप नव्हे, तर 'ऋण'. आपल्याकडे ऋण म्हणजे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. जे मी कोणाचे तरी लागते ते. दुसरा माझे किती लागतो याची मोजणी त्यात नाही. या प्रार्थनेत दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, देणे आणि येणे, एकाच वाक्यात. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दृष्टांतही आहे. राजाने एका चाकराचे उभ्या जन्मात फिटणार नाही एवढे कर्ज सोडून दिले. तो चाकर बाहेर पडताच आपले किरकोळ देणे लागणाऱ्या सोबत्याची नरडी धरतो. दृष्टांत म्हणून तो सोपा आहे, लहान मुलालाही कळेल. मी साठी उलटल्यावर प्रथम ऐकला.

ख्रिस्ती लोक ज्याला श्रद्धा म्हणतात त्यातला एवढाच भाग मला थोडाफार उमगला. क्षमा करण्याचे बळ आपल्या पदरचे नसते. आपल्याला आधी कोणीतरी सोडलेले असते, त्यातूनच ते पुढे देता येते. नाथांसारखा अधिकार लागत नाही. हे बोलायला ठीक. पण मला कोणी काय सोडले होते? माझ्या वहीत तर सारे येणेच होते.

2018 च्या फेब्रुवारीत मी सोबतिणीबरोबर उदयनगरला गेले. बस माळव्याची काळी जमीन सोडून डोंगरात शिरली तेव्हा पळस फुलले होते. कोणत्या वळणावर ते घडले हे मी विचारले नाही, पण प्रत्येक वळणाला छातीत धडधडत होते. चर्चमध्ये राणी मारियांची समाधी आहे. आसपासच्या पाड्यांवरच्या बाया आल्या होत्या; त्यांनी आणलेली रानफुले कोणी मांडून ठेवीत होते. मी मुकाट्याने हात जोडले. एक म्हातारी माझ्याशी निमाडीत बोलू लागली. तिच्या बोलण्यातले मला निम्मे कळले. सिस्टरनी सावकाराकडून तिची जमीन सोडविली, एवढा भाग कळला. म्हातारीने बोटे मोडीत व्याज कसे चढत असे ते सांगितले, आणि तिच्या बोटांकडे पाहता पाहता मला एकदम साठ रुपये आठवले.

1974 साली नानांना गिरणीत अपघात झाला आणि ते सहा महिने अंथरुणावर होते. मी बी.एड. करीत होते. धाकटा एकोणीस वर्षांचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याने कॉलेज सोडले आणि बडोद्यास एका कारखान्यात लागला. दरमहा त्याची साठ रुपयांची मनिऑर्डर येई. नाना कामावर परतले तरी दोन वर्षे ती येत राहिली. माझी फी त्यातून भरली गेली. माझ्या पदरी जी नोकरी, जे मानाचे स्थान, ते त्या साठ रुपयांवर उभे आहे. तो परत कॉलेजात गेला नाही. इतकी वर्षे मी या गोष्टीचे स्मरण केले नव्हते असे नाही. पण ती वहीत लिहावी असे मला कधी सुचले नव्हते.

घराचा व्यवहार त्याने केला तो अन्यायच होता. आजही मी तसेच म्हणते.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी त्याला पत्र टाकले. घराचा उल्लेख केला नाही. भाऊबीजेला ये, एवढेच. पत्र टाकल्यावर ते पेटीतून परत काढता येते का, असाही विचार मनात येऊन गेला. तो आला. केस पांढरे झालेले, एक गुडघा दुखरा. पाटावर बसताना त्याला धरावे लागले. मी ओवाळले. त्याने तबकात अकरा रुपये टाकले, पूर्वीसारखेच, आणि म्हणाला, "अक्का, निरांजनात तेल कमी आहे." मग आम्ही तेलाच्या भावाविषयी बोललो, त्याच्या नातीच्या शाळेविषयी, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी. रामबागेचे नाव निघाले नाही. निघेल की नाही ते ठाऊक नाही. जाताना दारात तो थोडा वेळ घुटमळला, काही बोलणार असे वाटले, पण बोलला नाही, आणि मीही त्याला विचारले नाही.

तो गेल्यावर मी वही काढली. फाडावी असे मनात होते, पण त्यात नानांच्या औषधांची यादी आहे, ती फाडवेना. मग डाव्या बाजूस, जमेच्या रकान्यात, जो इतकी वर्षे कोराच होता, त्याचे नाव घातले आणि लिहिले: मनिऑर्डर, दरमहा रु. 60, जुलै 1974 पासून. कोणत्या महिन्यापर्यंत, ते मला नक्की आठवेना. पुढच्या खेपेस त्यालाच विचारायचे आहे.